चौथी आवृत्ती, पान एकशे अठरा

टॉर्विक, मिनेसोटा
१८ जानेवारी १९८७

प्रिय सिग्नी,

तू बरी असशील असं धरून चालते. नसतीस तर हिल्डा मावशीने आत्तापर्यंत साऱ्या गावाला कळवलं असतं, आणि मला सगळ्यात शेवटी. आम्ही ठीक आहोत. पारा उणे तीसवर गेलाय. गाई कुरकुर न करता दूध देतात, एनार कुरकुर करत गोठा साफ करतो. तुमच्या वाळवंटात म्हणे जानेवारीत लोक अंगणात बसून संत्री खातात. खा.

गेली बारा वर्षं आपण एकमेकींना नाताळच्या कार्डावर छापील मजकुराखाली नुसती सही करून पाठवतो. त्यामुळे एवढं जाड पाकीट बघून तुला वाटेल की कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. मला एक मान मिळालाय आणि तो सांगायला घरात एनारशिवाय कोणी नाही. त्याला सांगितला तर तो म्हणाला, "बरं झालं." नॉर्वेजियन नवऱ्याकडून याहून जास्त कौतुक मिळालं तर डॉक्टरला बोलवावं लागेल.

तर मान असा. आमच्या राज्याच्या सभानियम-सल्लागार संघाने मेमधल्या अधिवेशनात मला भाषणाला बोलावलंय. विषय माझाच: पेटिबोनच्या सभानियमांच्या नऊ आवृत्त्यांची तुलना. आजवर हे कोणी केलेलं नाही. तू म्हणशील, का केलं नाही ते उघड आहे. पण मी केलं. जेवणाच्या टेबलावर आवृत्त्या ओळीने मांडल्यात, प्रत्येकीत वेगळ्या रंगाच्या लोकरीच्या खुणा, आणि आम्ही दोघं महिनाभर चुलीजवळच्या बाकावर बसून जेवतोय.

काय मजा आहे यात ते तुला एकटीला कळेल, कारण आईच्या मांडीवर आपण दोघी हेच पुस्तक ऐकत मोठ्या झालो. पहिली आवृत्ती ब्याण्णव पानांची, म्हातारबा पेटिबोनने स्वतः लिहिलेली. तिच्यात सभेत टोपी कधी काढावी यावर तीन पानं आहेत आणि सभेत कोणी रडू लागलं तर काय करावं यावर एक ओळ: थांबावे. दुसरीत ती ओळ गाळली. तिसरी त्याच्या मुलाने वाढवली, सहावी नातवाने, आणि आठवी नातवाच्या दुसऱ्या बायकोने, जिने टेपरेकॉर्डरवर अख्खं प्रकरण लिहिलंय. नववी सातशे चार पानांची आहे. ब्याण्णव पानांच्या काळात लोक जेवढे भांडायचे तेवढेच आजही भांडतात, फक्त आता पान नंबर सांगून भांडतात. यात माझाही थोडा हात आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

आता काम. माझ्याकडे नऊपैकी आठच आहेत. चौथी, १९२९ची, माझी कुठेतरी हरवली. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून विचारून झालं, मिळत नाही. आई गेल्यावर वाटणीत मी कॉफीची किटली घेतली आणि तू तिची चौथी घेतलीस. ती महिनाभर पाठवशील का? टपालखर्च मी देईन. खुणेला पानं दुमडणार नाही.

१९७५च्या सभेबद्दल मी काही लिहिणार नाही. त्यावर लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही.

आपली सहकारी डेअरी चालू आहे. व्हर्लिन हाउगेन आता अध्यक्ष आहे. पोट सुटलंय त्याचं. हातोडी हळू आपटतो.

मार्लिस टोर्गरसन
(प्रमाणित सभानियम-सल्लागार. शिक्का नवा आहे, म्हणून मारला.)


टॉर्विक
२२ फेब्रुवारी १९८७

प्रिय सिग्नी,

पुस्तक पोचलं. चिठ्ठी नव्हती. पाकीट उलटं करून झटकलं, पण नव्हतीच. मग पुस्तक हातात घेतलं तर ते आपोआप पान एकशे अठरावर उघडलं. तिथे तू डेअरीची जुनी दूध-तपासणीची पावती खूण म्हणून ठेवली होतीस. सभासद: व्ही. हाउगेन. चार कॅन. आंबट, परत. खाली तुझी सही.

चिठ्ठीची गरजच नव्हती म्हणा.

ती पावती बघून मी आधी उठून भांडी घासली. घासलेलीच होती, पुन्हा घासली. मग बसून पान वाचलं. मी इथे सरळ लिहिते, कारण वळसे घालायला लागले तर तू पत्र खाली ठेवशील. मीही ठेवलं असतं.

चौथ्या आवृत्तीत पान एकशे अठरावर लिहिलंय की दोनतृतीयांश मतं लागणार असतील तिथे ती हजर असलेल्या सगळ्या सभासदांच्या दोनतृतीयांश हवीत, आणि कोरी चिठ्ठी टाकणारा हजर धरावा. पाचवीत हे काढून टाकलं. पाचवीपासून पुढे मोजायची ती फक्त लिहिलेली मतं. कोरी चिठ्ठी म्हणजे रद्दी.

त्या दिवशी आम्ही एकसष्ट जण हजर होतो. दूध परत केल्याच्या रागात व्हर्लिनने आणलेल्या, तुला व्यवस्थापकपदावरून काढावं या ठरावाला अडतीस मतं, विरोधात सतरा, कोऱ्या सहा. अध्यक्ष ओडिन ट्वाइट माझ्याकडे वळला, कारण मी नवीकोरी सल्लागार, बिल्ला लावून त्याच्या शेजारी बसलेली. मी आठवी उघडली आणि सांगितलं, कोऱ्या बाजूला ठेवा. उरली पंचावन्न. पंचावन्नांत सदतीस पुरे होती. अडतीस होती. तू गेलीस.

एकसष्टांत एक्केचाळीस लागली असती.

तू उभी राहून म्हणाली होतीस, "मार्लिस, आपल्या पोटनियमांत चौथी लिहिलीय. चौथी बघ." एवढंच. आवाजही चढवला नव्हतास. आणि मी काय म्हणाले ते तुला आठवतंच, कारण मला आठवतं. मी म्हणाले, "चौथी मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकण म्हणून लावलीय." चर्चचं अख्खं तळघर हसलं. मला त्या हसण्याचा अभिमान वाटला होता, सिग्नी. मी मोठ्या बहिणीला सगळ्या गावासमोर गप्प केलं होतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की माझी चौथी हरवली. ती हरवली नाही. माझ्याकडे ती कधी नव्हतीच. दाराला टेकण लावायलाही नव्हती. मी चौथी आयुष्यात उघडली नव्हती. मला वाटलं, पोटनियम लिहिणारे म्हातारे आवृत्तीचा नंबर बदलायला विसरले असतील. नवीन ते शहाणपणाचं असं मी धरून चालले, आणि प्रमाणपत्र मिळालेलं असल्यामुळे जोरात धरून चालले.

आणि विसरले नव्हते ते. पान एकशे अठराच्या समासात आईचं पेन्सिलीतलं अक्षर आहे. तू ते बारा वर्षांपूर्वीच वाचलं असणार. तरी उतरवते, मला उतरवावंसं वाटतंय:

"पाचवीत हे काढलं. आपण काढू द्यायचं नाही. इथली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. कोरी टाकतात."

काल मी डेअरीच्या कपाटातून जुनी इतिवृत्तं काढली. १९५२ची वार्षिक सभा. कोणीतरी सुचवलं की पोटनियमांत पाचवी आवृत्ती लिहावी. चिटणीस सौ. बोर्गहिल्ड मोएन यांच्या विनंतीवरून चौथीच ठेवावी असा ठराव, एकमताने. आई उभी राहून काय बोलली असेल ते इतिवृत्तात नाही. इतिवृत्तात सभेने काय केलं तेच लिहायचं, कोण काय बोललं ते नाही, हे तिनेच आपल्याला शिकवलं होतं.

विचार कर. शाळेत आठव्या इयत्तेपर्यंत शिकलेली बाई, हाताला दुधाचा वास, आणि तिने पेटिबोनच्या मुलाला, नातवाला आणि नातवाच्या दुसऱ्या बायकोला मागे टाकलं, कारण तिला टॉर्विक माहीत होतं. या गावात पाहुण्याला तिसऱ्यांदा केक नको असेल तर तो "बघू" म्हणतो. एनारने मला मागणी घातली तेव्हा मीसुद्धा "चालेल" म्हणाले होते, आणि ते हो होतं की नाही हे त्याला लग्नाच्या दिवशी कळलं. अशा माणसांकडून विरोधाचं मत लिहून घ्यायचं म्हणजे त्यांना चर्चमध्ये कपडे काढायला सांगण्यासारखं आहे. आईने त्यांच्यासाठी एक नियम जपून ठेवला होता, आणि मी तो बिल्ला लावून फेकून दिला.

मी भाषणातून चौथी आवृत्ती वगळणार नाही. आधी तसं मनात आलं होतं, हेही सांगून टाकते.

वार्षिक सभा २८ मार्चला आहे. तुला काही करायचं नाही. पुस्तक त्या दिवसापर्यंत ठेवून घेते.

मार्लिस


टॉर्विक
२९ मार्च १९८७

प्रिय सिग्नी,

काल सभा झाली. आज चर्चमधून आल्या आल्या लिहायला बसलेय, एनार स्वतः कॉफी करून घेतोय. किटलीचं झाकण कुठे असतं हे त्याला एकतीस वर्षांत पहिल्यांदा विचारावं लागलं.

त्रेपन्न जण आले होते. तळघर तेच, खुर्च्या त्याच, भिंतीवरची माजी व्यवस्थापकांची पाटीही तीच. "सिग्नी मोएन, १९६१ ते १९७५." मी नेहमीप्रमाणे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले. मागच्या इतिवृत्ताला मंजुरी मिळाली आणि व्हर्लिन पुढच्या विषयाकडे वळणार तेवढ्यात मी उठले, बिल्ला काढला, कॉफीच्या पिंपाशेजारी ठेवला आणि सांगितलं की मी आत्तापासून सल्लागार नाही.

तुला माहीतच आहे, सल्लागाराने अध्यक्षाच्या कानात बोलायचं. सभेत उठून मुद्दा मांडायचा नाही, हात वर करायचा नाही, भांडायचं तर त्याहून नाही. मला भांडायचं होतं. गाई आईकडच्या, म्हणून सभासदत्व माझ्या नावावर आहे. मी चालत जाऊन तिसऱ्या रांगेत एनारशेजारी बसले. तो म्हणाला, "बरं." मग मी पुन्हा उठले आणि म्हणाले, "अध्यक्ष महाराज, हरकतीचा मुद्दा."

व्हर्लिनने सवयीने उजवीकडे मान वळवली, सल्लागार काय म्हणतात ते विचारायला. तिथे रिकामी खुर्ची. लोक हसले. बारा वर्षांपूर्वीही याच तळघरात असंच हसू आलं होतं. या वेळी ते माझ्या खुर्चीला होतं, आणि मला ते चाललं.

मी मुद्दा मांडला. एकदा झालेल्या चुकीवर हरकत तेव्हाच घ्यायची, नाहीतर गप्प बसायचं, हा नियम आहे. पण ठराव पोटनियमांच्या विरुद्ध मंजूर झालेला असेल तर तो कितीही वर्षांनी रद्द ठरतो. नऊ आवृत्त्या सतराशे गोष्टींवर आपसांत भांडतात, या एका गोष्टीवर नऊच्या नऊ एक आहेत. मी आईची चौथी व्हर्लिनपुढे उघडून ठेवली, शेजारी पोटनियम, शेजारी १९५२चं आणि १९७५चं इतिवृत्त. आकडे वाचून दाखवले. सांगितलं की चूक सल्लागाराची होती, म्हणजे माझी, आणि तेव्हा एका सभासदाने ती दाखवली होती, म्हणजे सिग्नीने, आणि मी तिची थट्टा केली होती.

तुझी पावती मी पुस्तकातून काढायला विसरले होते. खरं सांगू, विसरले नव्हते.

व्हर्लिनने चष्मा लावून पान वाचलं. मग पावती वाचली. मग समासातलं आईचं अक्षर वाचलं, ओठ हलवत. एवढ्या वेळात दोन माणसं जाऊन लेफ्सेच्या बटाट्याच्या पोळ्या घेऊन आली. ठराव त्याचा होता. त्याने नुसतं "मुद्दा फेटाळला" म्हणायचं आणि हातोडी आपटायची. मग मी अपील केलं असतं, आणि त्याचं दूध वाहून पोट भरणारे सगळे ट्रकवाले त्याच्या बाजूने बसून राहिले असते.

तो म्हणाला, "यावर निर्णय मी द्यायचा नाही. सभेने द्यावा." अध्यक्षाला शंका असेल तर असं करता येतं. हे मी त्याला तीन वर्षांपूर्वी शिकवलं होतं. तेव्हा तो जांभया देत होता.

मग विचारलं, कोणाला बोलायचंय का. टॉर्विकमध्ये या प्रश्नानंतर जी शांतता पडते ती तू तिकडे संत्र्यांत विसरली असशील. सगळे आपापल्या कपात बघत होते. मला वाटलं, संपलं. आई, तू, मी, तिघी मिळूनही या माणसांकडून एक शब्द काढू शकणार नाही.

आल्मा रुस्ताद उठली. एक्याऐंशी वर्षांची आहे आता, चालायला वॉकर लागतो. उठायलाच तिला मिनिट लागलं. म्हणाली, "मी कोरी टाकली होती. कोरी म्हणजे नाहीच की. आम्हाला वाटलं सगळ्यांना ठाऊक आहे."

आणि बसली नाही. उभीच राहिली.

मग मागून टोरवाल्ड लिएन उठला. "माझीपण कोरीच." त्याच्या बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की बारा वर्षं तिच्यापासूनही लपवलं होतं हे सगळ्यांना कळलं. मग दोन्ही ग्रोनली भाऊ उठले, एकाच वेळी, आणि एकमेकांना बघून दचकले, कारण एकाच गोठ्यात राबून दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. मग पाद्रीबुवांची विधवा बहीण. ती काही बोलली नाही, नुसती उठली. तिच्याकडून तेवढं पुष्कळ आहे.

पाच जण उभे. आल्माने बोटांवर मोजलं. ती सगळं बोटांवर मोजते, केकमधली अंडीसुद्धा. मग तिने खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "सहावी कुणाची गं होती?"

आता हे सांगायचं होतं म्हणूनच जानेवारीपासून लिहितेय बहुतेक. आवृत्त्या वगैरे सगळं त्याच्यावरचं झाकण.

सल्लागाराला हात वर करता येत नाही, पण गुप्त मतदान असेल तर चिठ्ठी टाकता येते. मी टाकली होती. तुझ्या विरोधात लिहवेना. व्हर्लिनच्या विरोधात लिहायचं तर अक्षर ओळखलं जाईल, बहीण म्हणून पक्षपात केला म्हणतील, नवा बिल्ला. म्हणून घडी घातली आणि कोरीच टाकली. मग दहा मिनिटांनी उभं राहून त्याच सहा चिठ्ठ्या रद्दीत काढायला सांगितल्या. स्वतःचं नाही स्वतःच्या हाताने फेकून दिलं, सिग्नी, आणि वर विनोद केला.

"माझी," मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. एनारने माझ्या कोटाची बाही धरली, पुढे ओढायलाही नाही आणि बसवायलाही नाही, नुसती धरली.

व्हर्लिनने मत घेतलं: हरकत मान्य असेल त्यांनी उभं राहायचं, अध्यक्ष मोजायचा नाही. उभे चव्वेचाळीस, बसलेले आठ. चव्वेचाळिसांत ट्रकवाले होते. मी या कामात बारा वर्षं आहे, गव्हर्नर येऊन बसलेल्या सभेला सल्ला दिलाय, पण मला माझ्या गावाचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. ती सगळी माणसं मोठ्याने नाही म्हणत होती, आणि कपातली कॉफी सांडू न देता.

व्हर्लिनने जाहीर केलं की १९७५चा ठराव रद्दबातल आहे, तो कधी मंजूर झालाच नव्हता. हातोडी उचलली, आणि तशीच धरून म्हणाला, "चिटणीस, आणखी एक लिहून घ्या. दूध आंबटच होतं."

चिटणीसबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला मान हलवून नकार द्यावा लागला. इतिवृत्तात सभेने केलेलं येतं, माणसाने बोललेलं नाही. आई असती तर तिनेही लिहू दिलं नसतं. म्हणून ते तिकडे कुठे नाही. इथे आहे. मी लिहिलंय, तारखेसह.

यानंतर गोंधळ उडाला तो तुला आवडेल. डॅरेल, आत्ताचा व्यवस्थापक, चांगला मुलगा आहे, त्याने विचारलं, "मग मी कोण?" नियमाप्रमाणे तू पदावरून कधी गेलीच नाहीस, राजीनामा दिलेला नाहीस, कोणी काढलेलं नाही. नवव्या आवृत्तीतही याला उत्तर नाही, मी सकाळी पुन्हा बघितलं. शेवटी आल्माने सुचवलं की सिग्नी मोएन रजेवर आहेत असं धरावं. टोरवाल्डने अनुमोदन दिलं. मंजूर. तेव्हा कळवण्यात येतं की तू बारा वर्षं रजेवर आहेस. डॅरेल तुझी रजा संपेपर्यंत तुझं काम बघतोय आणि तुला विचारतोय की दोन नंबरच्या पाश्चराइझरचा तो आवाज तुझ्या वेळीही यायचा का.

पाटीवरचं १९७५ ग्रोनली भावांनी सभा संपायच्या आत खरवडून काढलं. आता नुसतं "१९६१ ते" आहे. पुढचं साल लिहायचा हक्क तुझा. इथे येऊन लिही, तिथून कळव, किंवा राहू दे तसंच.

बिल्ला मी परत घेतला नाही. पिंपाशेजारीच ठेवून आले. मेमधलं भाषण देणार आहे, आणि चौथ्या आवृत्तीला सगळ्यात जास्त वेळ देणार आहे. संघातल्या लोकांना सांगणार आहे की नव्या आवृत्त्या जाडजूड पुस्तकवाल्यांनी काढल्या, आणि जुनी एका दूधवाल्या बाईने राखली. तिला दोन मुली होत्या. त्यांतल्या एकीने ती वाचली होती.

पुस्तक परत पाठवत नाहीये. टपालखात्यावर माझा विश्वास आहे, तरीही नाही. टेबलावरच्या बाकी आठ उचलून कपाटात टाकल्यात, आम्ही पुन्हा टेबलावर जेवतो. चौथी तेवढी तुझ्या खुर्चीसमोर ठेवलीय. न्यायला तू स्वतः ये.

तुझी,
विरोधात मत दिलेली,
मार्लिस